उरलेल्या चौघांचं उपरणं

केबलवाल्याची आठवण गावाला चित्र गेल्यावरच येते. मॅचच्या शेवटच्या षटकात वायर तुटली, तर ती मीच दातांनी कुरतडली असं समजून लोक बोलायचे. कुरुंद्यात मी बरीच वर्षं हा धंदा केला आणि शिव्या खाऊन कातडं निबर करून घेतलं. दुकान बस थांब्यापाशी. एका बाजूला माझी यंत्रं, दुसऱ्या बाजूला एसटीडीची काचेची पेटी आणि मध्ये, कुठलं चॅनल कसं दिसतंय ते तपासायला ठेवलेला एक जुना टीव्ही. त्या टीव्हीसमोर दरवर्षी एका सकाळी गोपीचंदभाऊ येऊन बसायचा. सिनेमासाठी नाही, क्रिकेटसाठी नाही, तर अमेरिकेतल्या एका बक्षीस समारंभासाठी. गावात हे सांगितलं तर लोक अजूनही मलाच वेड्यात काढतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

गोपीचंदभाऊ माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. पण मंडप काय, कुणीही देतं. त्याला मागणी होती ती नावं पुकारण्यासाठी. आमच्याकडं लग्नात अक्षता पडण्याआधी पाहुण्यांचे सत्कार होतात. माईकवरून एकेकाचं नाव घ्यायचं, त्यानं पुढं यायचं, मग डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं आणि हातात नारळ. कुणाचा मामा, कुणाचा व्याही, कुठल्या सोसायटीचा चेअरमन. मुहूर्त टळतो, नवरदेव घामानं भिजतो, वरण निवून जातं, पण नावं संपत नाहीत. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. वाटू दे. एक नाव राहून गेलं तर काय होतं ते त्या बिचाऱ्याला माहीत नाही.

गोपीचंदभाऊला माहीत होतं. त्याचे वडील सोनाजी मेंढरं राखायचे, आणि लहानपण कळपामागं गेल्यामुळं याचा आवाज डोंगराच्या पलीकडं पोचेल असा झाला होता. धंद्यात नवा असताना शिरड शहापूरच्या एका लग्नात त्याच्याकडून गावातल्याच उकंडराव नावाच्या मानकऱ्यांचं नाव राहिलं. उकंडराव मुकाट्यानं उठले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. जेवण नाही, पाणीसुद्धा नाही. गोपीचंदभाऊनं माईक दुसऱ्याच्या हाती दिला, लिंबाखाली गेला, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "पुकारनाऱ्याची चूक झाली आबा, तुमचा मान कमी न्हाई झाला." उकंडराव तेव्हा जे त्याचे झाले ते कायमचे. पण त्या दिवसापासून गोपीचंदभाऊ एक कापडी पिशवी जवळ बाळगू लागला. तिच्यात जास्तीच्या टोप्या, उपरणी आणि बायांसाठी ब्लाउज पीस. ज्याचं नाव मंडपात घेतलं तो रिकामा परत जायचा नाही, हा त्याचा नियम झाला.

असा हा माणूस सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास, गणपतीच्या दिवसांत, सकाळीच माझ्या दुकानात आला. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. त्याच्या ॲम्प्लिफायरमधून घरघर येत होती आणि मी तो खोलून बसलो होतो. समोर टीव्ही चालू होता. अमेरिकेत टीव्हीवरच्या कार्यक्रमांना आणि त्यांत कामं करणाऱ्यांना दरवर्षी बक्षिसं देतात, एमी म्हणतात त्याला. त्यांची रविवारची संध्याकाळ ती आपली सोमवारची सकाळ. झगमगीत कपडे घातलेली माणसं ओळीनं बसलेली आणि स्टेजवर पंख असलेल्या बाईची सोनेरी मूर्ती. गोपीचंदभाऊ आधी सहजच पाहत होता. मग पुढं सरकला.

"विश्वंभरा, आत्ता पाच जनांची नावं घेतली ना?"

"घेतली."

"मंग येकच काहून उठला?"

"बक्षीस एकालाच असतं, भाऊ."

"आन बाकीचे चौघं?"

"ते बसतात. टाळ्या वाजवतात."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही समारंभ मीच भरवला होता. "सगळ्या मंडपादेखत नाव घेतलं आन बसवून ठेवलं? द्यायचं नव्हतं तर नाव काहून घेतलं?"

"मी काय अमेरिकेचा जावई आहे का?" मी वैतागून म्हणालो. "पाकीट फोडतात, त्यात ज्याचं नाव निघेल त्याला मिळतं."

ॲम्प्लिफायर दुरुस्त झाला तरी तो उठला नाही. बक्षीस घ्यायला कोण चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पाकीट फुटलं की पडद्यावर क्षणभर पाचही चेहरे दिसायचे, तेवढ्यात तो उरलेल्या चौघांना पाहून घ्यायचा. निळ्या झग्यातल्या एका बाईकडं बोट करून म्हणाला, "हासून राहिली बघ. व्हट हासून राहिले. डोळे न्हाई." मी पाहिलं, तर खरंच होतं. मी रोज दिवसभर टीव्ही बघतो, पण माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं.

तेव्हापासून पोळा झाला की त्याचं सुरू व्हायचं. "ते अमेरिकेचं कधी हाय?" पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळं मंडपवाला मोकळाच असतो, हे मान्य. पण दुसऱ्या वर्षी तो पिशवी घेऊनच आला. एक बक्षीस झालं की उठायचा आणि उरलेल्यांसाठी, बाप्यांचा मान असेल तर उपरणं आणि बायांचा असेल तर ब्लाउज पीस, माझ्या टीव्हीवर ठेवायचा. नावं कळत नव्हती, म्हणून "हिरव्या लुगड्याची बाई", "टकल्या मामा" असं पुटपुटायचा. टीव्हीच्या मागच्या जाळीवर कापड पडलं की सेट तापतो. मी ओरडायचो, "भाऊ, सेट जळला तर तुमची अमेरिका भरून देणार आहे का? आणि त्यांना कुठं कळतंय तुम्ही मान दिलेला!"

"त्यांना न्हाई कळत. पर आपल्याला तर कळलं ना, ते रिकामे गेले म्हनून."

मी कापड जरा पुढं ओढून जाळी मोकळी करायचो.

समारंभातलं सगळंच त्याला नापसंत होतं असं नाही. वर्षभरात वारलेल्या कलावंतांचे फोटो दाखवायचे, तेव्हा तो टोपी काढून उभा राहायचा आणि मलाही उठायला लावायचा. आणि बक्षीस घेणारा फार वेळ बोलत बसला की तिथं वाजंत्री सुरू करून त्याला हुसकतात, हे तर त्याला भलतंच आवडलं. पुढच्याच लग्नसराईत एक पुढारी नवरा-नवरीला आशीर्वाद देता देता कापसाच्या भावावर घसरले, तेव्हा यानं बँडवाल्याला डोळ्यानं खुणावलं. पुढाऱ्यांना वाटलं, आपल्याच भाषणावर खूश होऊन वाजवतायत. हात जोडून खाली बसले. त्या दिवशी पंगत वेळेवर बसली आणि गावानं गोपीचंदभाऊला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

हे सगळं हसण्यासारखंच होतं आणि मी पोट धरून हसायचो. मग त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येऊ लागले.

दीपमाला त्याची एकुलती एक लेक. बारावी झालेली, उंच, कामाला वाघ. पण बापाचा आवाज तिनं जसाच्या तसा उचलला होता. विहिरीवरून तिनं आईला हाक मारली की माझ्या दुकानात ऐकू यायची. पाहुण्यांपुढं खाली मान घालून बसायची, सगळं नीट चालायचं. मग कुणीतरी विचारायचं, "नाव काय बाई तुझं?" ती नाव सांगायची आणि पाहायला आलेल्या बाया एकमेकींकडं बघायच्या. तेवढंच. बाकी पोरीत खोट काढायला जागा नव्हती.

आमच्याकडं तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. पोहे खातात, चहा पितात, पोरीला कुंकू लावून हातात ब्लाउज पीस ठेवतात, आणि चपला घालता घालता म्हणतात, "घरी गेल्यावर कळवतो." गोपीचंदभाऊच्या घरी फोन नव्हता, म्हणून नंबर द्यायचा माझ्या दुकानाचा. झालं, दुसऱ्या दिवसापासून हा माणूस माझ्या दारात.

तो विचारायचा नाही, हेच मला सोसवायचं नाही. "आला का फोन?" असं कधी तोंडातून काढलं नाही. येऊन बसायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, उठताना म्हणायचा, "फोन चालू हाय ना रे?" आणि रिसीव्हर उचलून कानाला लावायचा. आवाज येतोय म्हटल्यावर हळूच खाली ठेवायचा. एकदा खरंच त्याच्या नावानं फोन आला. मी पोरगं पिटाळलं. गोपीचंदभाऊ एका गालाला साबण तसाच ठेवून पळत आला. फोन वसमतहून होता, कुणाला तरी मंडप पाहिजे होता. "देतो की, मंडप देतो," एवढंच तो म्हणाला आणि साबण पुसायचंही न सुचता घरी गेला. त्या दिवशी मला तो फोन उचलून उकिरड्यावर फेकावासा वाटला.

एक स्थळ झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. सगळे कळवणार होते. स्थळं उकंडरावच आणायचे. काही महिन्यांनी कुठं तरी बाजारात त्यांची गाठ पडायची तेव्हा ते चाचरत म्हणायचे, "त्यांचं दुसरीकडं जमलं म्हनं." जनकाबाई, म्हणजे गोपीचंदभाऊची बायको, लेकीला दम द्यायची, "जरा हळू बोलत जाय ना माय." दीपमाला माझ्या दुकानावरून जायची तेव्हा फोनकडं न बघता झपाझप जायची. मला वाटायचं, तिला काही माहीत नसावं.

दोन हजार एक साली सप्टेंबरात समारंभ झालाच नाही. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर विमानं आदळली होती आणि टीव्हीवर दुसरं काही दिसत नव्हतं. समारंभ पुढं ढकलला म्हणून मी सांगितलं, तेव्हा गोपीचंदभाऊ म्हणाला, "सुतकात सत्कार करू नयेच. बराबर केलं त्यांनी." तो शेवटी झाला दसऱ्यानंतर, दिवाळी तोंडावर आलेली असताना. आणि नेमके त्याच दिवशी दुपारी औंढ्याहून दीपमालाला पाहायला पाहुणे येणार होते.

तरी हा पहाटे दुकानात हजर. म्हणाला, "घरात बसलो तर जीवाला चैन पडंना." थोड्या वेळानं त्याला बोलवायला दीपमाला आली. "अण्णा, आई खुर्च्यांसाठी खोळंबलीया," म्हणत दारातच थांबली. पडद्यावर पाच बायांचे चेहरे होते आणि पाकीट फुटत होतं. ती बघत राहिली. एक बाई रडत रडत स्टेजकडं निघाली आणि उरलेल्या चौघींनी टाळ्या वाजवल्या.

गोपीचंदभाऊ पिशवीत हात घालत म्हणाला, "बघ, चौघींचा कसा पानउतारा केला."

"ह्यांचं बरंय अण्णा," ती म्हणाली. "येका मिनिटात मोकळ्या झाल्या. घरी जाऊन जेवतील. आपल्याकडं चार-चार महिने पाकीटच फोडत न्हाईत."

त्याचा हात पिशवीतच राहिला. मी टीव्हीचा आवाज उगाच कमी-जास्त केला. बापलेक घरी गेले. टीव्हीवर ठेवायचं कापड त्या दिवशी पहिल्यांदाच राहून गेलं.

दुपारी मी खुर्च्या लावायला त्यांच्याकडं गेलो तो तिथंच थांबलो. मुलगा प्रभू, औंढ्यात त्याचं खतांचं दुकान. सोबत काका आणि आत्या. बोलणं काकांचं चालत होतं, मुलगा पोह्याच्या बशीत तोंड घालून बसला होता. आत्याबाईंनी नाव विचारलं, दीपमालानं सांगितलं. आत्याबाईंनी काकांकडं पाहिलं. मी ते पाहिलं आणि उगाच एक खुर्ची सरळ केली. मग कुंकू लावून झालं, हातात ब्लाउज पीस दिला, आणि काका उठत म्हणाले, "बरं मंग. घरी गेल्यावर कळवतो."

"इथंच सांगा ना, काका."

दीपमाला बोलली होती. हळूच बोलली, पण तिचं हळू म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत. उकंडरावांची चहाची बशी तोंडाजवळच थांबली. जनकाबाईनं मागून तिचा दंड धरला.

काका हसले, मग हसायचे थांबले. "असं कुठं असतंय का? इचार करावा लागतो."

"करा ना. लिंबाखाली बाज टाकलीया, तिथं बसून करा. व्हय म्हना, न्हाई म्हना, मला राग न्हाई. पर माझ्या अण्णाला आता त्या फोनपाशी बसवू नका."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गोपीचंदभाऊकडं बघायचं टाळलं. पण बाकी सगळे त्याच्याकडंच बघत होते. घरच्या पोरीनं पाहुण्यांना अडवलं होतं, आता बापानं तिला गप्प करायचं, चार शब्द माफीचे बोलायचे, अशीच रीत. त्यानं तसं केलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. पण त्या पोरीचं काय झालं असतं, ते मला अजूनही मनात आणवत नाही.

गोपीचंदभाऊ उभा राहिला. माईक नसतानाही माईकवर बोलल्यासारखं म्हणाला, "पोरगी बराबर म्हनती. काहीबी सांगा पाव्हणं, पर सांगितल्याबिगर जाऊ नका. आन टोपी-उपरणं घेतल्याबिगरबी जाऊ नका. तुमचं नाव आमच्या घरात घेतलंय."

पाहुणे लिंबाखाली गेले. आत्याबाई हातवारे करत होत्या, काका मान हलवत होते. उकंडरावांनी गार चहा तसाच पिऊन टाकला. परत आले तेव्हा काकांनी तोंड उघडायच्या आत प्रभूच बोलला. "आमचं न्हाई जमायचं," तो खाली बघत म्हणाला. एवढा वेळ मुका बसलेला पोरगा निदान तेवढं तरी स्वतःच्या तोंडानं बोलला, हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो.

"बरं," दीपमाला म्हणाली आणि हसली. गोपीचंदभाऊनं मला शिकवलेलं होतं, म्हणून मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण हसत होते.

मग गोपीचंदभाऊनं पिशवी काढली आणि त्या एवढ्याशा अंगणात, मंडप नसताना, नावं पुकारली. "औंढा नागनाथचे प्रभूराव यांचा सत्कार!" मुलाचे कान लालभडक झाले. काकांना टोपी, उपरणं, नारळ. आत्याबाईंना ब्लाउज पीस. कुणाचा मान राहिला नाही. पाहुणे गेले तेव्हा पिशवीत एक उपरणं उरलं होतं. ते हातात धरून तो पुन्हा उभा राहिला.

"कुरुंद्याच्या कुमारी दीपमाला गोपीचंद यांनी पुढं यावं."

तिनं मागं वळून पाहिलं, जसं काही त्या नावाची दुसरीच कुणी मागं उभी होती. "ये ना पोरी," म्हणताना त्याचा आवाज फाटला. उपरणं काही बायांना देत नाहीत, पण त्यानं ते तिच्या खांद्यांवर घातलं आणि दोन्ही टोकं नीट सारखी केली. जनकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच, एवढे पोहे आता कोण खाणार म्हणून माझ्यावर ओरडली. मी मुकाट्यानं दोन बशा खाल्ल्या.

संध्याकाळी तो दुकानात आला. सवयीनं हात रिसीव्हरकडं गेला, मग त्यानं तो मागं घेतला. "आज कुनाचाच फोन यायचा न्हाई," असं म्हणाला आणि इतक्या दिवसांनी माझ्या दुकानात पाय लांब करून बसला. आम्ही लागोपाठ दोनदा चहा मागवला.

गोष्ट पंचक्रोशीत पसरली. गोपीचंदाकडं पोरगी पाहिली की जागच्या जागी सांगावं लागतं म्हणे! काही स्थळं येणार होती ती आली नाहीत. जनकाबाईनं धास्ती घेतली. मी म्हणायचो, बरं झालं, तेवढेच पोहे वाचले. तुळशीचं लग्न झाल्यावर उकंडराव आपल्या शिरड शहापूरहून एक स्थळ घेऊन आले. मुलगा बजरंग. थोडी जमीन, थोडी मेंढरं, घरात तो आणि त्याची आई गोजरबाई. गोजरबाई कानानं अधू. अंगणात चाललेलं बोलणं त्यांच्या काही कानी पडत नव्हतं, नुसतं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. मग नाव विचारलं गेलं आणि दीपमालानं सांगितलं.

गोजरबाई ताडकन सरळ बसल्या. "दीपमाला!" त्या म्हणाल्या. "मला आयकू आलं! बजरंगा, हिचं बोलनं मला समदं कळतंय. मी लिंबाखाली जानार न्हाई, मला हीच पाह्यजे." बजरंगनं लाजून मान हलवली. पोहे अजून चुलीवरच होते.

सगळे हसले, जनकाबाईनं हात जोडले. तेवढ्यात दीपमाला उठली. "आता मी लिंबाखाली जाऊन इचार करते," असं म्हणून खरंच जाऊन बाजेवर बसली. तिनं चांगला वेळ घेतला. बजरंग बिचारा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मला त्याची दयाही येत होती आणि मजाही वाटत होती. शेवटी तिथूनच तिनं सांगितलं, "व्हय." गोजरबाईंनाही ऐकू गेलं.

लग्न उन्हाळ्यात झालं. शालूवर बापानं त्या दिवशी घातलेलं ते पांढरं उपरणं घ्यायचं म्हणून दीपमाला आईशी भांडली आणि घेऊनच उभी राहिली. नावं कोण पुकारणार हा प्रश्नच नव्हता. नवरीच्या बापानं पुकारू नये असं भावकीतले म्हणाले, पण यानं माईक सोडला नाही. सोयरे झाले, मानकरी झाले, उकंडराव तर पहिलेच. स्वयंपाकी झाले, मांडव घालणारी पोरं झाली. आणि मग मी माझ्या कानांनी ऐकलं, "आमचे केबलवाले विश्वंभरराव यांचा सत्कार." माझं नाव शिवीशिवाय कुणी एवढ्या मोठ्यानं घेतल्याचं मला आठवत नाही. मी टोपी सांभाळत जागेवर आलो तोवर पिशवी रिकामी झाली होती आणि गोपीचंदभाऊ माईक बंद करत होता.

"थांबा," नवरी म्हणाली.

मुंडावळ्या सावरत ती उठली, बापाच्या हातातून माईक घेतला. तिला माईकची काही गरज नव्हती. स्पीकर शिट्टी मारायला लागला.

"कुरुंद्याचे श्री गोपीचंद सोनाजी यांनी पुढं यावं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवरदेवाकडच्यांकडून व्याह्याचा, म्हणजे नवरीच्या बापाचा, सत्कार व्हायचा होता. पण पुकारणारा हाच, मग स्वतःचं नाव स्वतः कसं घेणार? ते गाळून तो पुढं गेला होता आणि त्याच्या वाटची टोपी कुणाच्या तरी डोक्यावर गेली होती. माझ्याच असेल. आणि आजच असं नव्हे. इतक्या वर्षांत, इतक्या मंडपांत, प्रत्येक वेळी हेच झालं होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. जगातल्या उरलेल्या सगळ्यांची काळजी करणारा माणूस स्वतः रिकामाच घरी जात होता.

गोपीचंदभाऊ होता तिथंच उभा राहिला. नाव पुकारल्यावर काय करायचं असतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. "अहो भाऊ, पुढं व्हा," म्हणत मी त्याला मागून ढकललं. पिशवीत काही नव्हतं. दीपमालानं आपल्या खांद्यांवरचं उपरणं काढलं, त्याच्या खांद्यांवर घातलं आणि दोन्ही टोकं नीट सारखी केली. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण डोंगरापलीकडं पोचणारा तो आवाज त्याच्याच मदतीला आला नाही.

मंडपभर टाळ्या पडल्या. तो लेकीकडं बघून हसत होता. या वेळी मी त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं नाही. मला माझेच पुसायचे होते.